खिळे जुळवणाऱ्या मुली

(केडगाव स्टेशनची पाटी. गाडी निघून जाते.)

माझ्या मावशीचा रोज सकाळी सहा वाजता फॉरवर्ड येतो. कुठे भूकंप, कुठे युद्ध, आणि खाली लाल अक्षरात, प्रभूचं येणं जवळ आलंय, म्हणजे येशू परत येणार आणि जगाचा शेवट होणार. मी चेष्टा करत नाहीये हां, आमच्या घरी सगळेच ते मानतात, मीपण मानतो. पण बायबलमधल्या मत्तयच्या शुभवर्तमानात, 24 व्या अध्यायातली युद्धं, दुष्काळ, भूकंप आपल्याला तोंडपाठ असतात आणि त्याच अध्यायाच्या शेवटी जो चाकर आहे ना, तो कुणाच्याच फॉरवर्डमध्ये येत नाही. मालकाने त्याला एकच काम दिलेलं, घरातल्या माणसांना वेळेवर जेवण घालायचं. मालक अचानक येतो तेव्हा तो तेच करत असतो. जेवण वाढत असतो. बस्स.

म्हणून आम्ही केडगावला आलो. पुण्याहून दौंडच्या गाडीत बसलं की तास-दीड तासात येतं. इथेच पंडिता रमाबाईंचं मुक्ती मिशन आहे, निराधार मुली-बायकांचा आश्रम. त्या चाकरासारखंच काम करत राहिलेली बाई.

1896 ला मध्य प्रांतात दुष्काळ पडला. रमाबाईंना दुष्काळ काय असतो हे कुणी सांगायची गरज नव्हती, कारण 1870 च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे आईवडील आणि बहीण काही महिन्यांच्या अंतराने गेले होते, आणि त्या भावाबरोबर उपाशी, पायी देशभर फिरल्या होत्या. त्या स्वतः उठून तिकडे गेल्या आणि मुली घेऊन आल्या, साधारण तीनशे. पण तेवढ्यात पुण्यात प्लेग, मग एवढ्या मुली शहरात ठेवायच्या कुठे, तर केडगावच्या माळावर त्यांची जमीन होती तिथे तात्पुरत्या झोपड्या उभ्या केल्या. त्यानंतर 1900 चा दुष्काळ, गुजरातेत ज्याला छप्पनिया म्हणतात तो. पुन्हा मुली आणल्या. त्या सुमाराला मुक्तीत दीड हजार माणसं राहत होती. दीड हजार! रोजचं दळण किती, सरपण किती, पाणी किती, नुसता विचार करून बघा.

म्हणजे फॉरवर्डमधली अख्खी लिस्ट, दुष्काळ, रोगराई, सगळं पाच वर्षांत येऊन गेलं आणि बाई काय करत होत्या तर धान्याचा हिशोब.

(जुना फोटोग्राफ. पांढऱ्या साडीतल्या रमाबाई.)

1905 ला इथे मोठं संजीवन झालं, म्हणजे भक्तीची, पश्चात्तापाची मोठी लाट आली. मुली रात्र रात्र प्रार्थना करायच्या, रडायच्या, आणि ही बातमी पार परदेशात पोचली. तेव्हा जगात ठिकठिकाणी असं घडत होतं आणि बरेच जण म्हणायला लागले की हाच तो शास्त्रातला वळवाचा पाऊस, म्हणजे शेवटाआधी पवित्र आत्मा ओतला जाणार तो, आता शेवट आलाच. असं वातावरण असताना माणूस काय करेल? मी असतो तर बॅग भरून वाट बघत बसलो असतो, खरं सांगतो. रमाबाईंनी त्याच सुमाराला बायबलचं नवीन मराठी भाषांतर हाती घेतलं! ज्याला अठरा-एक वर्षं लागली. शेवट आलाय असं लोक म्हणत असताना अठरा वर्षांचं काम कोण सुरू करतं?

संस्कृत तर त्यांना लहानपणापासून येत होतं, पंडिता ही पदवी कलकत्त्याला मिळालेली. पण यासाठी त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या, पन्नाशीच्या आसपास. कारण काय, तर असलेलं भाषांतर खेड्यातल्या बाईला जड जातं, तिला कळेल असं साधं पाहिजे.

(क्लोज-अप: चिमटीत धरलेला छपाईचा शिशाचा खिळा, टोकाला एक अक्षर.)

हा खिळा मुक्तीतला नाही, पुण्यातल्या एका बंद पडलेल्या छापखान्यातून मागून आणलाय. बघा, अक्षर उलटं आहे. मराठी जुळवायची म्हणजे साधी अक्षरं, जोडाक्षरं, काना, वेलांट्या, रफार, प्रत्येकाचा खण वेगळा, आणि हात न बघता बरोबर खणात गेला पाहिजे. एक ओळ जुळवायला नवशिक्याला किती वेळ लागतो ते आम्ही करून बघितलं, मी चौथ्या शब्दाला सोडून दिलं. मुक्तीच्या छापखान्यात हे काम मुली आणि बायका करायच्या. दुष्काळातून आणलेल्या. ज्यांना इथे येईपर्यंत अ सुद्धा माहीत नव्हता त्यांच्या हातांनी उत्पत्तीपासून प्रकटीकरणापर्यंत, बायबलच्या पहिल्या पुस्तकापासून शेवटच्यापर्यंत, सगळं जुळवलं.

शेवटची वर्षं कठीण होती. 1918 चा इन्फ्लुएन्झा येऊन गेलेला. रमाबाईंना ऐकू तर कधीपासूनच नीट येत नव्हतं. आणि 1921 ला मनोरमा गेली, त्यांची एकुलती एक मुलगी, जिच्या हातात पुढे सगळं सोपवायचं होतं. त्यानंतरही त्या टेबलावर प्रूफं घेऊन बसायच्या. असं सांगतात की तब्येत फारच ढासळली तेव्हा त्यांनी देवाकडे आणखी दहा दिवस मागितले, तपासणी पूर्ण करायला. तेवढे मिळाले. 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या.

एक गोष्ट मात्र सांगायलाच पाहिजे, नाहीतर ही फिल्म खोटी होईल. ते भाषांतर फारसं चाललं नाही. मूळ भाषेला इतकं धरून केलेलं की वाक्यं अडखळतात, आणि मंडळ्यांमध्ये, म्हणजे चर्चमध्ये, बायबल सोसायटीचंच भाषांतर राहिलं. मावशीच्या हातात पण तेच असतं. मी तिला रमाबाईंबद्दल सांगितलं तर ती म्हणाली, अरे मग एवढी मेहनत फुकटच की.

मी उत्तर नाही दिलं. बाई गेल्या त्या दिवशी छपाई अजून बाकी होती. खिळे जुळवणाऱ्या बायका दुसऱ्या दिवशी, तिसऱ्या दिवशी परत कामाला लागल्या असणार, कारण पूर्ण बायबल छापून बाहेर आलं ते 1924 ला.

(छपाई यंत्राचा आवाज. अंधार.)