ट्रेनिंग दिलं, पुढे काय?

आता स्क्रीनवर जो आकडा दिसतोय तो जरा नीट बघा. 13. जगात दर 1 लाख लोकांमागे मानसिक आरोग्याचं काम करणारी माणसं साधारण एवढीच आहेत, आणि यात नुसते सायकियाट्रिस्ट नाही धरलेले, नर्स, सायकॉलॉजिस्ट, सोशल वर्कर असे सगळे मिळून तेरा. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मेंटल हेल्थ ॲटलासमधला हा आकडा. श्रीमंत देशांत तो साठच्या वर जातो आणि सगळ्यात गरीब देशांत दोनच्याही खाली.

मग लगेच कुणीतरी म्हणतं, डॉक्टर वाढवा. वाढवायलाच हवेत, पण आज मेडिकलला गेलेला विद्यार्थी सायकियाट्रिस्ट होऊन बाहेर पडेपर्यंत जवळपास दहा वर्षं जातात, त्यासाठी कॉलेज हवं, शिकवणारे हवेत, आणि शिकवणारे आणायचे कुठून तर मुळात कमी असलेल्या त्याच लोकांमधून. शिकून तयार झालेले बरेच जण मोठ्या शहरात जातात नाहीतर परदेशात. त्यांना नावं ठेवून काय होणार, एकट्यानं अख्खा भाग सांभाळायचा, पगार कमी, हाताशी कुणी नाही, माणूस टिकणार कसा? जगभरात सरकारं आरोग्यावर जेवढा पैसा खर्च करतात त्यातला जेमतेम 2 टक्के मानसिक आरोग्याला मिळतो, आधी ते बघा.

म्हणून दुसरा रस्ता निघाला. 2008 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं एमएचगॅप नावाचा कार्यक्रम सुरू केला, कल्पना अशी की डिप्रेशन, फिट्स, दारूचं व्यसन हे ओळखायला आणि सुरुवातीचे उपचार द्यायला साध्या दवाखान्यातल्या डॉक्टर-नर्सना शिकवायचं. त्याच वर्षी पाकिस्तानातून एका अभ्यासाचे निकाल आले. रावळपिंडीजवळच्या ग्रामीण भागात घरोघरी फिरणाऱ्या लेडी हेल्थ वर्कर्सना, म्हणजे शाळेपर्यंत शिकलेल्या बायकांना, डिप्रेशन असलेल्या गरोदर बायकांशी कसं बोलायचं, विचार बदलायला कशी मदत करायची हे शिकवलं होतं. बाळ सहा महिन्यांचं झालं तेव्हा या गटातल्या 23 टक्के आयांना डिप्रेशन होतं. ज्यांना हे मिळालं नव्हतं, नुसत्या भेटी मिळाल्या होत्या, त्यांच्यात 53 टक्के.

हा फरक बघून लोक म्हणाले, वा, चार दिवसांचं ट्रेनिंग पुरतं की! आणि इथेच गडबड होते. कारण त्या बायकांचं ट्रेनिंग थोड्या दिवसांचं होतं हे खरं, पण नंतर दर महिन्याला त्यांचं सुपरव्हिजन होतं, कुठे अडलं, कुठली आई बोलतच नाही, घरातले मध्ये येतात तेव्हा काय करायचं, हे सगळं बसून बोलायची ठरलेली जागा होती. ट्रेनिंगचे दिवस सगळे मोजतात, हे बसणं कुणी मोजत नाही, आणि माझ्या मते खरं काम तिथेच होतं.

झिम्बाब्वेतल्या हरारेमध्ये सायकियाट्रिस्ट डिक्सन चिबांडा यांनी 2006 च्या सुमारास आज्यांना घेऊन फ्रेंडशिप बेंच सुरू केला तेव्हाही तेच. दवाखान्याच्या आवारात एक बाकडं, त्यावर वस्तीतली आजी, हातात 14 प्रश्नांचा फॉर्म आणि मग समोरच्याच्या अडचणींवर एकेक करून बोलणं. 2016 मध्ये त्याची मोठी ट्रायल छापून आली, नेहमीच्या उपचारांपेक्षा बाकड्यावर येणाऱ्यांचा त्रास बराच कमी झाला होता. पण आजीला एकटं सोडलेलं नव्हतं बरं का, कुणी जीव द्यायचं बोललं तर ते पुढे कुणाला कळवायचं हे ठरलेलं होतं.

आता ट्रेनिंगच्या खोलीत जाऊया. नेहमीचं चित्र काय, तर स्लाइड्स, शेवटी पेपर, पासचं सर्टिफिकेट. पेपरात शंभर मार्क मिळवणारी व्यक्तीसुद्धा समोर माणूस रडायला लागला की घाबरून म्हणते, "अहो काही होत नाही, सगळं ठीक होईल." झालं, समोरचा गप्प. म्हणून नेपाळमध्ये काम करताना संशोधकांनी तपासायची वेगळी पद्धत काढली, रोल प्ले. एकजण पेशंट बनतो, शिकणारी व्यक्ती त्याच्याशी बोलते, आणि बघणारा टिपत जातो, नीट ऐकलं का, आत्महत्येबद्दल सरळ विचारलं का, उपदेश सुरू केला का, पेशंटलाच दोष दिला का. आता याच धर्तीवर जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफचं इक्विप नावाचं साहित्य आहे, कुणालाही वापरता येतं. ज्यांना जमत नाही त्यांना नापास करायचं नसतं, तेवढाच भाग परत शिकवायचा.

गोव्यात मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संगाथ संस्थेच्या कामात अजून एक गोष्ट दिसली आणि मला ती फार मोलाची वाटते. तिथले काउन्सेलर पूर्वी या क्षेत्रातले नव्हतेच, ते आपल्या सेशनचं रेकॉर्डिंग एकमेकांना ऐकवायचे आणि मार्क द्यायचे. सुरुवातीला एक्स्पर्ट सोबत बसायचे, मग हळूहळू गट आपला आपण चालवायला लागला. तज्ज्ञ कमी आहेत म्हणून सुपरव्हिजन होत नाही असं म्हणणाऱ्यांना यात वाट सापडते.

पण तज्ज्ञ लागतातच. भास होणारा पेशंट, औषधं, जिवाला धोका, हे आजीवर किंवा हेल्थ वर्करवर टाकणं अन्याय आहे, त्यांच्यावरही आणि पेशंटवरही. म्हणजे तज्ज्ञांचं शिक्षणसुद्धा बदलायला हवं. समोरच्या एका पेशंटला बरं कसं करायचं हे त्यांना वर्षानुवर्षं शिकवतात, पण वीस जणांच्या टीमच्या पाठीशी कसं उभं राहायचं, फोनवर केस ऐकून सल्ला कसा द्यायचा, चूक झाली तर समोरच्याची हिंमत न घालवता कसं सांगायचं, हे बरेचदा नोकरीला लागल्यावर ठेचा खात शिकावं लागतं. हे अभ्यासक्रमात घाला, परीक्षेत घाला. आणि नोकरीत आठवड्यातला अर्धा दिवस सुपरव्हिजनचा म्हणून ऑर्डरमध्ये लिहून द्या, त्याचे पैसे द्या, त्या दिवशीची ओपीडी तेवढी कमी लावा, नाहीतर बाहेरच्या रांगेत तो अर्धा दिवस पहिल्याच आठवड्यात संपून जाईल.