आजची कितवी?

नमस्कार श्रोतेहो. आज माझ्या बोलण्यामागे तुम्हाला बारीक घरघर ऐकू येईल. तुमच्या रेडिओत काही बिघडलेलं नाही. आमच्या स्टुडिओतला पंखा चालू आहे, आणि तो चालूच राहू दे असं मीच सांगितलंय. काचेपलीकडच्या तंत्रज्ञाचं तोंड जरा वाकडं झालंय. होऊ दे.

आजचा विषय पाळी जाण्याचा काळ. कागदोपत्री त्याला रजोनिवृत्ती म्हणतात. मला तो शब्द फारसा आवडत नाही, परिपत्रकातून उठून आल्यासारखा वाटतो. 'मेनोपॉज' तरी कुठे फार जुना? गार्दान नावाच्या एका फ्रेंच डॉक्टरांनी तो १८२१ साली आणला. त्याआधीही पाळ्या जातच होत्या, नाव नव्हतं एवढंच.

पाळी गेली असं कधी म्हणायचं? शेवटची पाळी येऊन सलग बारा महिने झाले आणि मध्ये एकदाही आली नाही, तर. बारा महिने, लक्षात ठेवा. अकराव्या महिन्यात आली की मोजणी पुन्हा पहिल्यापासून. बहुतेकींचं हे ४५ ते ५५ या वयात होतं. चाळिशीच्या आत झालं, तर मात्र घरी बसायचं नाही, डॉक्टरांकडे जायचंच. आणि त्रास काही त्या बारा महिन्यांची वाट बघत थांबत नाही. आधीची तीन-चार वर्षं, काहींना त्याहूनही जास्त, सगळा कारभार विस्कटलेला असतो. पाळी कधी पंधरा दिवसांत, कधी तीन महिन्यांनी. झोप उडते, सांधे धरतात, छातीत धडधडतं, समोरच्याचं नाव जिभेवर असतं आणि येत नाही. आणि वाफा. अंगातून निघणाऱ्या गरम वाफा.

त्या वाफांची एक गोष्ट सांगते.

मी तेव्हा ४८ वर्षांची. थेट प्रसारण, पंधरा मिनिटांचं भाषण. विषय, हसू नका, 'थंडीत घ्यायची काळजी'.

ज्यांनी स्टुडिओ पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते. जाड दाराची, बिनखिडकीची खोली. भिंतींना आवाज पिणारं अस्तर. समोर दुहेरी काच, तिच्यापलीकडे तंत्रज्ञ. हवेचा आवाज माइकमध्ये जातो म्हणून तेव्हा एसी बंद, पंखाही बंद. लाल दिवा लागला की खोकायचीसुद्धा चोरी. माझं भाषण शाईच्या पेनाने लिहिलेलं. अजूनही मी तसंच लिहिते. छापील कागद हातात आला की माणूस वाचतो, हाताने लिहिलेला असला की बोलतो, असं माझं मत आहे. ते इथे कुणालाच पटत नाही, असो.

पहिली दोन पानं सुरळीत गेली. तिसऱ्या पानावर वाक्य होतं, 'रात्री झोपताना पाय उबदार ठेवावेत.' मी 'रात्री' म्हटलं आणि छातीच्या मधोमध कुणी निखारा ठेवावा तसं झालं. तिथून मान. मानेवरून कान. कानांवरून थेट टाळू. पाठीवरून घामाची एक धार सरळ खाली गेली. भुवईवरून एक थेंब घरंगळला आणि टपकन कागदावर पडला, नेमका 'उबदार'वर. शाई फुटली. मागोमाग दुसरा थेंब. चष्म्यावर वाफ धरली. मला दिसत होतं ते एवढंच, 'रात्री झोपताना पाय', मग एक निळं डबकं, मग 'ठेवावेत'.

थेट प्रसारणात थांबता येत नाही. मी वाचलं, 'रात्री झोपताना पाय उघडे ठेवावेत.'

कडाक्याच्या थंडीत! आणि तेही ठामपणे.

काचेपलीकडचा मुलगा पंचविशीचा असेल. तो उभाच राहिला. माझा चेहरा लालबुंद, घामाने निथळलेला, एक हात छातीवर. त्याला वाटलं, बाईंना हार्ट अटॅक आला. त्याने वहीचं पान टर्रकन फाडलं, त्यावर मोठ्या अक्षरांत 'डॉक्टर?' असं लिहिलं आणि काचेला चिकटवून धरलं. मी जोरात मान हलवली, नाही म्हणून. त्याने बहुधा उलटा अर्थ घेतला. माझा आवाज हळूहळू खाली नेला, वाद्यसंगीत लावलं, आणि लाल दिवा विझला.

दार उघडलं. आत आल्या आमच्या वरिष्ठ निवेदिका. त्यांच्या निवृत्तीला वर्षभर उरलं होतं, सगळे त्यांना नुसतं 'बाई' म्हणायचे. हातात गार पाण्याचा पेला. 'काय झालं', 'बरं वाटतं ना', काही नाही. त्यांनी माझा हात उलटा केला, मनगटावर तो पेला टेकवला, दुसऱ्या हाताने माझ्याच भाषणाचं चौथं पान उचललं आणि त्याने वारा घालायला लागल्या. मग अगदी सहज, किती वाजले विचारावं तसं विचारलं, "आजची कितवी?"

मी म्हटलं, "चौथी." आणि मला रडू फुटलं.

दोन वर्षं मी हे कुणाला सांगितलं नव्हतं. घरी नाही, इथेही नाही. आणि सांगणार तरी काय होते? गरम होतं? सगळ्यांनाच होतं.

बाई म्हणाल्या, "लिहून ठेवतेस का?"

"काय लिहून ठेवू?"

"किती वाजता आली, किती वेळ राहिली, आधी काय खाल्लं-प्यायलं, रात्री झोप किती झाली. वही कर गं. डॉक्टरपुढे बसून नुसतं गरम होतं म्हणालीस, तर ते पंखा लावा म्हणतील. आकडे दाखवलेस की ऐकतील." मग घड्याळाकडे बघून, "चार मिनिटं झाली. उतरली ना? चल, अजून पाच मिनिटांचं भाषण उरलंय."

लाल दिवा लागला. उरलेलं भाषण मी वाचलं. चौथं पान चुरगळलेलं होतं, पण कोरडं होतं.

पुढच्याच आठवड्यात एका श्रोत्या बाईंचं पत्र आलं. तीनच ओळी. 'तुमचं थंडीचं भाषण ऐकलं. पाय उघडे ठेवण्याचा सल्ला पटला, मीही सध्या उघडेच ठेवते. वय ५१.' ते पत्र माझ्या टेबलाच्या खणात आहे. मिळालेल्या दोन-चार मानपत्रांपैकी एकही त्या खणात नाही.

तर, वही. मी खरंच वही केली. तीन आठवड्यांत त्या वहीने मला सांगितलं की दुपारच्या वाफा गरमागरम कॉफीनंतर अर्ध्या तासात येतात, रात्रीच्या येतात त्या जाड पांघरुणात, आणि थेट प्रसारणाच्या आधी एक हमखास. कॉफी मी कोमट करून प्यायला लागले, पांघरूण एका जाडाऐवजी दोन पातळ केलं. वाफा थांबल्या नाहीत, पण दिवसाच्या पाचाच्या तीन झाल्या. तुमच्या वहीत वेगळंच काही निघेल. कुणाच्या तिखट जेवण, कुणाच्या दारू, कुणाच्या सिगारेट, कुणाच्या कोंदट खोली. दुसरीची वही आपल्याला लागू पडत नाही, म्हणून आपली आपण लिहायची.

हे का होतं, ते थोडक्यात. आपल्या मेंदूत शरीराचं तापमान सांभाळणारी एक जागा आहे, हायपोथॅलॅमस. एरवी तापमान जरासं वरखाली झालं तर ती लक्ष देत नाही. एस्ट्रोजेन, म्हणजे बायकांच्या अंगातलं पाळी चालवणारं हार्मोन, कमी व्हायला लागलं की तिची सहनशक्ती आखडते. किंचित उष्णता वाढली की तिला वाटतं अंग भडकलं, आणि ती गार करायची सगळी यंत्रणा एकदम सोडते. कातडीतल्या रक्तवाहिन्या फुलतात, घाम सुटतो, आणि दोन-चार मिनिटांनी थंडी वाजते. म्हणजे ताप नसतो, हृदयविकार नसतो, मनाचे खेळ तर मुळीच नसतात. मात्र छातीत दुखून ते हातात, जबड्यात गेलं, दम लागला, तर ती वाफ आहे म्हणून वहीत लिहीत बसायचं नाही. तेव्हा त्या मुलाचाच कागद बरोबर. डॉक्टर.

हे किती दिवस चालतं? अमेरिकेत 'स्वान' नावाचा एक मोठा अभ्यास वर्षानुवर्षं चालला. त्याचे २०१५ साली आलेले आकडे सांगतात की वारंवार वाफा येणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना त्या ७.४ वर्षांहून जास्त काळ येत राहिल्या. सात वर्षं! आणि आपल्याला सांगतात, 'सोसायचं, सगळ्यांनाच होतं.' दात सगळ्यांचेच दुखतात. म्हणून किडका दात कुणी तसाच ठेवत नाही.

उपाय आहेत. वाफांवर सगळ्यांत परिणामकारक उपाय हार्मोनचा. त्याची बायकांना भीती वाटते, आणि ती भीती आली २००२ साली. 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीतला एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं काम करणारं औषध) एकत्र देण्याचा भाग तेव्हा मध्येच थांबवला, कारण स्तनाचा कर्करोग, पक्षाघात, रक्ताच्या गाठी वाढलेल्या दिसल्या. बातमी जगभर गेली. त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं, हे मात्र बातमीच्या मागे राहून गेलं. आता डॉक्टर असं धरतात की साठीच्या आत, किंवा पाळी जाऊन दहा वर्षं व्हायच्या आत उपचार सुरू केले आणि बाकी तब्येत ठीक असली, तर त्रास होणाऱ्या बहुतेकींना धोक्यापेक्षा फायदा जास्त. पुन्हा सांगते, साठीच्या आत किंवा दहा वर्षांच्या आत. गर्भाशय असेल तर नुसतं एस्ट्रोजेन घ्यायचं नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं हार्मोन लागतं, नाहीतर आतलं अस्तर वाढत जातं. ज्यांना स्तनाचा कर्करोग होऊन गेलाय, रक्ताच्या गाठी किंवा पक्षाघात झालाय, यकृताचं दुखणं आहे, त्यांना सहसा हा रस्ता नाही. पण त्यांच्यासाठीही बिनहार्मोनच्या गोळ्या आहेत. २०२३ पासून तर मेंदूतल्या त्या तापमानाच्या जागीच काम करणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध काही देशांत मिळायला लागलंय. मानसोपचारातल्या सीबीटी या, विचारांची आणि वागण्याची सवय बदलायला शिकवणाऱ्या पद्धतीनेही वाफांचा जाच कमी होतो. मैत्रिणीची गोळी मात्र घ्यायची नाही. तिची वही वेगळी.

आणखी एक. योनीतला कोरडेपणा, संबंधाच्या वेळी दुखणं, लघवीला जळजळ, पुन्हा पुन्हा होणारा जंतुसंसर्ग. हे रेडिओवर बोलायचं नसतं, असं मला पूर्वी एका साहेबांनी सांगितलं होतं. ते निवृत्त झाले. वाफा कधीतरी ओसरतात, हा त्रास आपण होऊन सहसा ओसरत नाही, उलट वाढतो. त्यावर जागच्या जागी लावायची थोड्या मात्रेची एस्ट्रोजेन क्रीम असतात आणि ती चांगली लागू पडतात. डॉक्टरांनी नाही विचारलं तर आपण सांगायचं.

जाता जाता, ऑर्का नावाचा देवमासा असतो ना, त्याच्या मादीची वीण साधारण चाळिशीत थांबते आणि त्यानंतरही ती कित्येक दशकं जगते. आणि ज्या वर्षी मासळी कमी असते, त्या वर्षी कळपाच्या पुढे पोहते ती हीच म्हातारी. आमच्या बैठकांमध्ये पुढच्या रांगेत कोण बसतं, यावर मी आज बोलणार नाही.

काचेपलीकडून बोट गोल फिरायला लागलंय, म्हणजे आवरा. हाडांचं राहिलंच की! पाळी गेल्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांत हाडं भराभर झिजतात. नुसतं चालणं पुरत नाही, आठवड्यातून दोनदा वजन उचलायचा व्यायाम करा. कॅल्शियम दिवसाला साधारण १२०० मिलिग्रॅम, होईल तितकं जेवणातूनच. ड जीवनसत्त्व एकदा तपासून घ्या. थकवा, धडधड, केस गळणं थायरॉइडचंही असतं, तेही तपासा. आणि पाळी लांबली म्हणजे दिवस राहणार नाहीत असं धरून चालू नका. पन्नाशीनंतर पाळी थांबली असेल तर एक वर्ष, पन्नाशीच्या आत थांबली असेल तर दोन वर्षं काळजी घ्यायचीच.

आता शेवटचं, आणि हे दोनदा सांगणार आहे. बारा महिने पाळी आली नाही आणि त्यानंतर रक्त दिसलं, एक थेंब जरी दिसला, तरी त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जायचं. बहुतेक वेळा कारण साधं निघतं, पण गर्भाशयाच्या कर्करोगाची पहिली खूण हीच असते आणि लवकर कळला तर तो बरा होतो. बारा महिन्यांनंतर रक्त दिसलं तर 'पाळी परत आली' म्हणायचं नाही, डॉक्टरांकडे जायचं.

नमस्कार. आणि हो बाळा, आता पंखा बंद केलास तरी चालेल.