आंबोलीच्या घाटातला आकडा

श्रोतेहो, नमस्कार.

जुलै महिना, आंबोलीचा घाट, चहूकडे धुकं आणि पुढे लाकडांनी भरलेला ट्रक. गाडी मी चालवत होते, सोबत मुलगा, सून, नातू आणि भरपूर सामान. घाटाच्या पायथ्याची दाणोली सोडली तेव्हा समोरच्या पडद्यावर आकडा होता ९०, म्हणजे आहे त्या पेट्रोलवर गाडी आणखी नव्वद किलोमीटर जाणार. आजऱ्याचा पंप पन्नासेक किलोमीटरवर होता, त्यामुळे मी निर्धास्त होते. पण दोन-चार वळणं घेतली आणि नव्वदाचे पंच्याहत्तर झाले. धबधब्यापाशी पंचावन्न, माथ्यावर पोचलो तेव्हा अडतीस! पंधरा-सतरा किलोमीटर चाललो आणि पडद्यावरचे बावन्न किलोमीटर गेले. नातू मागून विचारत होता, "आजी, टाकी गळतेय का?"

टाकी गळत नव्हती. काय होत होतं तेच आज तुम्हाला सांगायचं आहे.

आधी पेट्रोलच्या काट्याकडे बघू. आमच्या गावातल्या गॅरेजवाल्या मिस्त्रींनी एकदा टाकीतला तो भाग काढून माझ्या हातावर ठेवला होता. एक हलका फ्लोट, त्याला तारेचा दांडा आणि दांड्याच्या टोकाला विजेच्या रोधाची पट्टी. घराच्या गच्चीवरच्या टाकीत पाणी थांबवणारा बॉल असतो ना, त्याचाच हा भाऊ. पेट्रोल खाली गेलं की फ्लोट खाली जातो, पट्टीवरचा स्पर्श सरकतो, रोध बदलतो आणि काटा हलतो. मिस्त्री म्हणाले, "बाई, याला लिटर कळत नाही. याला फक्त उंची कळते."

पुढचं सगळं या एका वाक्यातून येतं. टाकी काही डब्यासारखी सरळ चौकोनी नसते. मागची सीट, सायलेन्सर, चाकांची कमान यांना जागा देऊन उरलेल्या पोकळीत ती बसवलेली असते. एका बाजूला फुगीर, दुसरीकडे खोलगट. त्यामुळे अर्ध्या उंचीवर अर्धं पेट्रोल असेलच असं नाही. शिवाय टाकी गच्च भरली की पेट्रोल फ्लोटच्या वर, थेट भरायच्या नळीपर्यंत चढतं. तेवढं संपेपर्यंत फ्लोट वरच टेकलेला असतो आणि काटा जागचा हलत नाही. "पहिला अर्धा टँक लांब जातो, दुसरा भराभर संपतो" अशी तक्रार जवळपास प्रत्येक गाडीवाला करतो. तो भ्रम नाही, टाकीचा आकार आणि फ्लोटची जागा तसं घडवतात.

उतारावर किंवा एका बाजूला कललेल्या जागी गाडी उभी असेल तर काटा वेगळं सांगेल. दुचाकी साइड स्टँडवर लावून काटा बघणाऱ्यांनी एकदा ती मेन स्टँडवर घ्यावी आणि मग बघावं. चालत्या गाडीत पेट्रोल डचमळत असतं, म्हणून काटा मुद्दाम सावकाश हलेल अशी व्यवस्था केलेली असते. पंपावर इंजिन बंद न करता पेट्रोल घेतलं तर काही गाड्यांत काटा बराच वेळ जुनंच सांगत राहतो, त्याचं कारण हेच. अर्थात पंपावर इंजिन बंद ठेवायचंच असतं, काट्यासाठी नव्हे, आगीच्या भीतीपोटी.

माझ्या वडिलांच्या स्कूटरला काटाच नव्हता. झाकण उघडायचं, गाडी हलवायची आणि आवाज ऐकायचा. इंजिन आचके द्यायला लागलं की वडील वाकून पेट्रोलचा कॉक रिझर्व्हला फिरवत. मला ती रचना आजही फार आवडते. टाकीत एक नळी उंच उभी आणि दुसरं तोंड तळाशी. पातळी उंच नळीच्या खाली गेली की इंजिन उपाशी पडायचं, कॉक फिरवला की तळाचं तोंड उघडायचं. त्यात अंदाज नव्हताच. पेट्रोल उरलं किती हे इंजिनच सांगायचं. एवढंच की पेट्रोल भरल्यावर कॉक परत फिरवायला विसरलात तर पुढच्या वेळी सूचना मिळायची नाही. आणि रिझर्व्हही संपलं की स्कूटर आडवी करून कोपऱ्यातलं शेवटचं पेट्रोल कार्बोरेटरपर्यंत आणायचं. एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचे बीएस-सहा नियम आले, बहुतेक नव्या दुचाकींत कार्बोरेटरच्या जागी संगणकाच्या हुकमाने पेट्रोल फवारणारं इंधन इंजेक्शन आलं आणि तो कॉक गेला.

आता पडद्यावरच्या आकड्याकडे वळू. हा काट्याहून वेगळा प्राणी आहे. गाडीतला छोटा संगणक उरलेल्या पेट्रोलला अलीकडच्या अ‍ॅव्हरेजने गुणतो. पुढे घाट आहे की सपाट रस्ता, याचा साध्या गाडीला पत्ता नसतो. मागे कशी चालली तशीच पुढे चालेल, एवढंच ती धरून चालते.

मी हिशोब मांडला. माणसांसकट गाडी तेराशे किलोची आणि चढ साधारण सहाशे मीटरचा. एवढं वजन तेवढ्या उंचीवर नेण्यासाठी साडेसात मेगाज्यूलहून थोडी जास्त ऊर्जा लागते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३२ मेगाज्यूल उष्णता असते, पण इंजिन त्यातली पाव भागाच्या आसपासच चाकांपर्यंत पोचवतं. म्हणजे निव्वळ उंची चढायलाच जवळजवळ एक लिटर गेलं. रस्ता कापायला लागलं ते वेगळं. पण आकडा पडला तो एका लिटरपेक्षा कितीतरी जास्त, कारण संगणकाला वाटलं की आता आजऱ्यापर्यंत घाटच आहे! उलट कोणी घाट उतरत असेल तर फार सांभाळावं. उतारावर गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोल जवळपास बंद होतं, अ‍ॅव्हरेज आभाळाला टेकतं आणि पायथ्याशी आकडा खोटी श्रीमंती दाखवतो.

समृद्धी महामार्गावरही असंच होतं, फक्त तिथे चढाऐवजी वारा असतो. ८० च्या वेगाने चालणारी गाडी १२० वर नेली की हवेचा विरोध सव्वादोन पट होतो, कारण तो वेगाच्या वर्गाने वाढतो. शहरातल्या संथ रस्त्यांवरून आलेला आकडा तिथे भराभर उतरतो. मुंबई ते नागपूर ७०१ किलोमीटरचा तो रस्ता आहे, भरधाव गाड्यांच्या कडेला बंद पडून उभं राहण्याची ती जागा नव्हे. तिथे जाताना टाकी भरूनच जा, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं. इथेनॉलच्या लिटरमागे उष्णता पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, म्हणजे मिश्रणात सहा-सात टक्क्यांची घट. काट्याला ते कधीच कळणार नाही. आकड्याला मात्र हळूहळू कळतं, कारण अ‍ॅव्हरेज घटतं.

विजेच्या गाडीत टाकी नाही, फ्लोटही नाही. बॅटरीत किती वीज आली, किती गेली याची पासबुकासारखी नोंद ठेवली जाते आणि मधूनमधून व्होल्टेजशी ताळा केला जातो. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत मधल्या टप्प्यात व्होल्टेज जवळपास सपाट राहतं, ताळा जमत नाही. म्हणून अशी बॅटरी अधूनमधून पूर्ण शंभर टक्के चार्ज करायला सांगतात.

तर, माथ्यावर ३८ होते आणि आजरा तीसेक किलोमीटरवर. मी वेग साठच्या आत ठेवला, एसी बंद केला. सपाटीवर आकडा सावरला, चाळीसच्या वर गेला, मग रस्त्यासोबत उतरत पंपावर पोचलो तेव्हा पडद्यावर २५ होते. पंपावरच्या मुलाने "झिरो बघा" म्हटलं, मी बघितला. टाकी भरली की मशीन आपोआप थांबतं, त्या पहिल्या कटला ते थांबलं ३२.५ लिटरवर. गाडीच्या पुस्तिकेत टाकी ३७ लिटरची आहे. म्हणजे आत साडेचार लिटर होते, सपाट रस्त्यावर सत्तर किलोमीटरचं पेट्रोल! कंपनीने काही लिटर आकड्याच्या आड राखून ठेवले होते. मात्र ती शिल्लक वापरून बघायचा मोह धरू नये. इंजेक्शनच्या गाडीत पेट्रोलचा पंप टाकीतच असतो आणि त्याला थंड ठेवायचं काम ते पेट्रोलच करतं. पातळी फार खाली गेली, वळणावर पेट्रोल एका बाजूला गेलं, की पंप हवा ओढतो आणि तापतो.

तेव्हापासून मी प्रत्येक वेळी टाकी पहिल्या कटपर्यंत भरते, ट्रिप मीटर शून्यावर आणते आणि पिवळा दिवा लागला की किलोमीटर लिहून ठेवते. आजऱ्याच्या पावतीमागे नातवाने पेन्सिलने लिहिलं होतं: "आकडा २५, टाकीत ७०." ती पावती गाडीच्या कप्प्यात अजून आहे.