भाड्यात वाचलेल्या पैशांचा ताशी हिशेब

श्रोतेहो, नमस्कार.

मुंबईत नोकरी करणाऱ्या आणि घरात लहान मूल असलेल्या कुटुंबांत एक विषय हमखास निघतो: दादर-माटुंग्याला दोन खोल्यांत भाड्याने राहावे, की त्याहून कमी भाड्यात डोंबिवलीला ऐसपैस घर घ्यावे? बहुतेक जण दोन्हीकडच्या भाड्यांची वजाबाकी करतात आणि तिथेच थांबतात. आज ही वजाबाकी थोडी पुढे नेऊ.

प्रथम ‘उपनगर’ या शब्दाचा घोळ निस्तरू. सरकारी दप्तरात 1990 पासून जो मुंबई उपनगर जिल्हा आहे, तो दहिसर आणि मुलुंडला संपतो. डोंबिवली ठाणे जिल्ह्यात मोडते. बोलताना आपण सगळ्यालाच उपनगर म्हणत असलो, तरी पैशांच्या व्यवहारात ही हद्द आडवी येते. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सवलत मोजताना मुंबईत राहणाऱ्यासाठी पगाराच्या 50 टक्क्यांची मर्यादा धरतात, डोंबिवलीत राहणाऱ्यासाठी 40 टक्क्यांची. मुंबई महापालिकेच्या हद्दीत 500 चौरस फुटांपर्यंतच्या घरांना 2022 पासून मालमत्ता कर माफ आहे. मुलुंडचा नाका ओलांडला की ही माफी मागे राहते. पागडीच्या खोलीत पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यांची गोष्ट मात्र वेगळी. 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्यामुळे त्यांचे भाडे साधारणपणे वर्षाला 4 टक्क्यांनीच वाढते, तेव्हा त्यांनी जागा सोडण्याची घाई न केलेलीच बरी.

आता एक उदाहरण घेऊ. आकडे मी सोयीसाठी धरलेले आहेत. त्यांच्या जागी आपण आपले घालावेत. नवराबायको दोघेही फोर्टात नोकरीला आहेत आणि डोंबिवलीला गेल्याने भाड्यात महिन्याला 24,000 रुपये वाचतात. डोंबिवली ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर सुमारे 48 किलोमीटर आहे. स्टेशनपर्यंतचा प्रवास आणि गर्दीमुळे सोडून द्यावी लागणारी एखादी गाडी धरली, तर प्रत्येकाचे दिवसाला दोन तास जास्त जातात. कामाचे 24 दिवस धरल्यास दोघांचे मिळून 96 तास होतात, म्हणजे प्रवासातल्या प्रत्येक जादा तासामागे 250 रुपये पदरात पडतात. इथपर्यंत सौदा वाईट नाही.

पण वाचलेले पैसे झिरपतात ते बारीक भोकांतून. लोकलचा सेकंड क्लासचा पास आजही स्वस्त आहे, त्याला बोल लावता येणार नाही. खर्च होतो तो स्टेशनपासून घरापर्यंतच्या शेअर रिक्षेत. एका सीटचे 20 रुपये धरले, तर दोघांचे जाण्यायेण्याचे महिन्याला 1,920 होतात. संध्याकाळी साडेआठला स्टेशनबाहेर पडलेल्या बाईने घरी जाऊन कणीक मळावी, ही अपेक्षा कोणी करू नये. वाटेतल्या पोळी-भाजी केंद्रावर ती 95 रुपये मोजते, त्याचे 2,280 झाले. पाळणाघराची ठरलेली वेळ सात वाजेपर्यंतची, त्यापुढच्या वेळेचे 3,000. बेरीज 7,200. उरले 16,800, आणि ताशी 250 चे 175 झाले. इन्व्हर्टर आणि सोसायटीने उन्हाळ्यात मागवलेले टँकर मी अजून धरलेलेच नाहीत.

यात पाळणाघराची बाब मला सर्वांत मोठी वाटते, आणि ती केवळ पैशांमुळे नव्हे. कळवा-मुंब्र्याच्या दरम्यान गाडी थांबून राहते, आई पाळणाघरातल्या बाईंना तिसऱ्यांदा फोन करते, आणि पलीकडे दाराशी चपला घालून बसलेल्या मुलाचा आवाज तिला ऐकू येतो. डब्यात हा फोन ती एकटीच करत नसते. बहुतेक घरांत हा फोन बापाने करायचा नसतो, हेही नोंदवून ठेवतो.

मात्र घरात आजी-आजोबा असतील, तर हेच गणित उलटे फिरते. पाळणाघराचे पैसे वाचतात, पोळ्यांचेही बहुधा वाचतात आणि उशीर झाला तरी जीव टांगणीला लागत नाही. दादरच्या दोन खोल्यांत त्यांना आणून ठेवायचे म्हटले, तर अंथरूण कुठे घालायचे इथून सुरुवात होते. डोंबिवलीतली ती जास्तीची खोली इथे खऱ्या अर्थाने कामी येते. दोघांपैकी एकाची नोकरी ठाण्यात किंवा कल्याणमध्ये असली, तरीही डोंबिवलीच परवडेल असे मी म्हणेन. दोघेही फोर्टात, मूल तीन वर्षांचे आणि दिवसभर घरात कोणी नाही, अशा कुटुंबाने मात्र मूल शाळेत रुळेपर्यंत दादरच्या अडचणीतच दिवस काढावेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

घर बघायला आपण रविवारी दुपारी जातो. तेव्हा रिक्षा लगेच मिळते, नळाला पाणी आहे की नाही हे विचारायचे राहून जाते, आणि मेगाब्लॉक असला तरी घाई कोणालाच नसते. तेव्हा टोकनची रक्कम देण्याआधी जुलैतल्या एखाद्या सोमवारी सकाळी आठ वाजता त्याच इमारतीच्या फाटकापासून निघून, ऑफिसच्या दारापर्यंत एकदा जाऊन पाहावे. जमल्यास दोघांनीही.