चान्सचं वाचनालय

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी पुष्कळ जण रोज कामाला लूपमध्ये, म्हणजे शिकागोच्या मध्यवर्ती भागात जातात. स्टेट स्ट्रीटवर लाल विटांची ती प्रचंड इमारत तुम्ही पाहिली असेल. छपराच्या कोपऱ्यांवर हिरवी घुबडं आहेत. ते हॅरल्ड वॉशिंग्टन ग्रंथालय. शिकागोच्या पहिल्या कृष्णवर्णीय महापौरांचं नाव त्याला दिलं आहे. अकरा वर्षं मी त्या इमारतीसमोरून चालत गेलो आणि एकदाही आत शिरलो नाही. शिरलो तो जानेवारीतल्या एका संध्याकाळी, लेकीला घरी न्यायला.

ती शाळेतून परस्पर तिथे जायला लागली होती. अभ्यासाला जाते, असा माझा समज. आत गेलो तर तेरा ते एकोणीस वर्षांच्या मुलांसाठी एक वेगळा विभाग दिसला. त्याचं नाव यूमीडिया. २००९ मध्ये तो सुरू झाला. लॅपटॉप, कीबोर्ड, कॅमेरे, आणि काचेपलीकडे एक छोटी रेकॉर्डिंगची खोली. कुणाकडून एक पैसा घेत नाहीत. काचेच्या आत माझी मुलगी कानाला हेडफोन लावून उभी होती, डोळे मिटलेले, आणि ती मराठीत काहीतरी म्हणत होती. मी बाहेर कोट हातात घेऊन वीस मिनिटं उभा राहिलो.

आज मला बोलायचं आहे ते त्या खोलीबद्दल आणि तिथूनच पुढे आलेल्या एका मुलाबद्दल. त्याचं नाव चान्सलर बेनेट. जग त्याला चान्स द रॅपर म्हणून ओळखतं.

चान्स याच शहराच्या दक्षिण भागातला, १९९३ चा जन्म. लहानपणी घरात मायकल जॅक्सन वाजायचा. मग शिकागोच्याच कान्ये वेस्ट या रॅपरचं पहिलं गाणं रेडिओवर ऐकलं आणि त्या वयापासून रॅप डोक्यात बसलं. शाळेच्या शेवटच्या वर्षी त्याला दहा दिवस निलंबित केलं. त्या रिकाम्या दिवसांत त्याने गाण्यांचा संच करायला घेतला, त्याला नावही 'टेन डे' असंच दिलं आणि २०१२ मध्ये लोकांना फुकट ऐकायला दिला. त्याच सुमारास, २०११ मध्ये, त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मित्राचा चाकूने खून झाला होता. २०१३ मधल्या त्याच्या गाण्यांत गंमत आहे, खोडी आहे, आणि मधूनच ती भीती येते. उन्हाळा आला की या शहरात गोळीबार वाढतो, हे आपण बातम्यांत वाचतो. या मुलांसाठी उन्हाळा म्हणजेच ती भीती. हे मला बातम्यांनी इतक्या वर्षांत समजावलं नव्हतं.

पण निलंबनातून एकदम कलाकार झाला, असं मात्र नाही. शाळा सुटली की तो या ग्रंथालयात यायचा. तिथे माइक हॉकिन्स नावाचे एक कवी मुलांना मार्गदर्शन करायचे. सगळे त्यांना ब्रदर माइक म्हणायचे. मुलांनी यायचं, माइकसमोर उभं राहायचं, आपलं लिहिलेलं म्हणायचं. चान्ससारखी कितीतरी मुलं त्यांच्या हाताखाली उभी राहिली. ब्रदर माइक डिसेंबर २०१४ मध्ये गेले. पुढच्याच वर्षी चान्सने त्यांच्या आठवणीत शहरातल्या शाळकरी मुलांसाठी 'ओपन माइक' संध्याकाळी सुरू केल्या, म्हणजे ज्याला वाटेल त्याने पुढे यायचं आणि आपलं म्हणायचं. गुरूच्या नावाने पुतळा नाही, पुरस्कार नाही. त्याने माइक मांडला. मला तर याहून योग्य श्राद्ध सुचत नाही.

चान्सला लोक स्वतंत्र कलाकार म्हणतात, म्हणजे त्याने कुठल्याच रेकॉर्ड कंपनीशी करार केला नाही. कंपन्या मागे लागल्या होत्या. त्याने गाणी इंटरनेटवर फुकट सोडली आणि पोट कार्यक्रमांवर, टोप्या-टीशर्टवर भरलं. २०१६ च्या मे महिन्यात 'कलरिंग बुक' आलं, फक्त ऑनलाइन ऐकण्यासाठी. दुकानात एकही प्रत नाही. पहिल्या आठवड्यात ती गाणी ५ कोटी ७३ लाख वेळा ऐकली गेली आणि बिलबोर्डच्या, म्हणजे अमेरिकेतल्या लोकप्रिय संचांच्या यादीत तो संच आठव्या क्रमांकावर गेला. निव्वळ ऑनलाइन ऐकण्याच्या बळावर त्या यादीत पोहोचलेला तो पहिलाच. ग्रॅमी हे संगीताचे मोठे पुरस्कार देणाऱ्यांनी त्याच वर्षी नियम बदलला होता. विक्रीला न ठेवलेलं संगीतही पुरस्काराला पात्र ठरू लागलं. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याने तीन ग्रॅमी घेतल्या.

कुणी विचारेल, मग अ‍ॅपलकडून पैसे घेतले त्याचं काय? घेतले. पहिले दोन आठवडे गाणी फक्त त्यांच्याकडे ठेवायचे ५ लाख डॉलर, आणि हा आकडा त्याने स्वतःच जाहीर केला. मला त्यात खोट वाटत नाही. दोन आठवडे भाड्याने दिले, घर विकलं नाही. आपण मध्यमवर्गीय माणसं हा फरक चांगलाच ओळखतो. ग्रॅमीनंतर महिन्याभरात त्याने शिकागोच्या सरकारी शाळांना १० लाख डॉलर दिले.

'कलरिंग बुक' तुम्ही जरूर ऐका. सुरुवातीलाच शिकागोच्या मुलांचा गायकवृंद आहे, पुढे गॉस्पेल, म्हणजे चर्चमधलं भक्तिसंगीत आहे. त्याआधी मित्रांच्या बँडबरोबर केलेलं एक गाणं तर थेट आजीवर आणि तिच्याबरोबरच्या रविवारच्या चर्चवर आहे. रॅप म्हणजे आपला पोवाडाच, असं म्हणायचा मोह मलाही होतो. ते मी म्हणणार नाही. ही कला काळ्या मुलांनी न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समध्ये आणि शिकागोच्या दक्षिण भागात स्वतःच्या दुःखातून उभी केली आहे. तिच्यावर आपला शिक्का मारण्याआधी ती त्यांची म्हणून ऐकावी. आजी मात्र आपल्यालाही आहे. गाण्यात आजी येऊ शकते, हे माझ्या मुलीला त्या गाण्यामुळे कळलं.

तेव्हा आता तिच्या गाण्याकडे येतो. तिने ओळी लिहिल्या होत्या शिकागोच्या थंडीवर. हिवाळा आणि कंटाळा असं यमक. आमची लेक इथेच जन्मलेली, ती म्हणायची 'हिवाला', 'कंटाला'. यमक तसंही जुळत होतं. पण ओळ जिथे संपते तिथे ढोलाचा ठोका पडायचा आणि 'ला' त्याच्याखाली वाहून जायचा. चाळीस वेळा रेकॉर्ड करून झालं. शेवटी तिने सांगलीला आजीला व्हिडिओ कॉल लावला. माझी आई म्हणाली, जीभ मागे वळव, टाळूला लाव आणि सोड. तीन दिवस आमच्या घरात न्याहारीला 'बाळ, काळ, माळ, डोळा, गोळा' चालू होतं. चौथ्या दिवशी तो 'ळ' आला आणि ठोक्यावर बरोबर बसला.

रविवारच्या मराठी शाळेत सहा वर्षं घालूनही जे जमलं नव्हतं, ते एका बीटने करून घेतलं. शाळेच्या शिक्षकांचा यात काही दोष नाही, त्यांनी जीव ओतून शिकवलं. मुलीला तोवर 'ळ'ची गरजच पडली नव्हती.

आणि एक कबुली देतो. दोन वर्षांपूर्वी तिने मला पहिली वही दाखवली होती, तेव्हा मी न वाचताच म्हणालो होतो, आधी गणिताचं बघ. नंतर तिने वही दाखवली नाही. त्या संध्याकाळी काचेबाहेर उभा होतो तेव्हा मला तेच आठवत होतं.

चान्सचं सगळं चांगलंच झालं असंही नाही. २०१९ चा त्याचा मोठा अल्बम लोकांना रुचला नाही, दौरा रद्द झाला. पुढचा अल्बम यायला २०२५ चा ऑगस्ट उजाडला. पाठीशी कंपनी नसली की अपयशही सगळं आपल्याच अंगावर येतं. मुलांना हेही सांगायला हवं. सहा वर्षांनी तो आला तो मात्र पुन्हा स्वतःच्याच नावावर.

स्वतंत्र हा शब्द ऐकला की आपल्याला एकटा माणूस दिसतो. चान्सच्या मागे सरकारी ग्रंथालयाची एक खोली होती, ऐकून घेणारा एक मोठा माणूस होता आणि माइक फुकट होता. एवढं आपल्यालाही करता येईल.

आपण भाड्याने घेतो त्या सभागृहाच्या तळघरात एक खोली आहे, खुर्च्या रचून ठेवतात ती. व्यवस्थापकांशी माझं बोलणं झालं आहे. महिन्याचा दुसरा शनिवार, संध्याकाळी पाच ते आठ. मराठी, इंग्रजी, दोन्हीची सरमिसळ, काहीही चालेल. कविता, रॅप, नुसतं बोलणंसुद्धा. शुल्क नाही, स्पर्धा नाही, परीक्षक नाहीत. मोठ्यांपैकी दोघांनी पाळीपाळीने बसायचं आणि शुद्धलेखन न काढता ऐकायचं. पहिली पाळी माझी. दुसरं नाव मला आज हवं आहे.

दोन माइक आणि एक स्पीकर आमच्या गाडीच्या डिकीत आहेत. जेवणं झाली की मी ते खाली नेतो आहे. उचलायला कुणीतरी या.