तिसरं पुष्प, संध्याकाळी साडेसहा

[वाचनालयाचं दार. काळा फलक, खडू धरलेला हात.]

आज व्याख्यानमालेचं तिसरं पुष्प. विषय : घरातले जुने, मोडी लिपीतले कागद कसे वाचावेत.

फ्लेक्स छापून घेणं सोपं, आणि इथल्या चौकात फ्लेक्सना तोटाही नाही. वाचनालयाच्या दारातला हा फलक मात्र खडूनेच लिहिला जातो. आधी ओलं फडकं, मग तो सुकेपर्यंत चहा, मग अक्षरं. शेवटची ओळ दरवर्षी तीच : प्रवेश विनामूल्य, सर्वांना खुला. सभासद असायची अट नाही, अनामत नाही, रजिस्टरात नाव लिहायचीही गरज नाही. यायचं आणि बसायचं.

[अभ्यासिका. मुलं टेबलं उचलून भिंतीला लावताना.]

चार वाजले की अभ्यासिका रिकामी करायची. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी ही मुलं सकाळपासून इथे बसलेली असतात. त्यांच्या फीवर वाचनालयाचं वीजबिल भागतं, त्यामुळे त्यांना 'उठा' म्हणताना ग्रंथपाल मॅडम जरा अवघडतात. मुलं कुरकुरतात, पण टेबलं तीच उचलतात. पुढे सतरंज्या, मागे प्लास्टिकच्या खुर्च्या. गुडघे दुखणाऱ्यांनी मागे बसायचं. समोर पाहुण्यांसाठी एक सोफा असायचा, तो आता काढून टाकलाय. आम्हाला विचाराल तर या मालेतली ही सगळ्यात मोठी सुधारणा.

'हॅलो, माइक टेस्टिंग, वन टू थ्री.' यापेक्षा वेगळं काही बोलून माइक तपासणारा माणूस महाराष्ट्रात अजून जन्मायचाय.

[जुनी छायाचित्रं. कपाटांच्या काचा.]

रत्नागिरीचं जिल्हा नगर वाचनालय 1828 सालचं. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 चं, कोल्हापूरचं करवीर नगर वाचन मंदिर 1850 चं. मुंबई विद्यापीठ स्थापन झालं 1857 मध्ये, म्हणजे त्याच्याही आधी ही कपाटं उघडलेली होती. 1875 मध्ये न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या पुढाकाराने पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. नाशिकला 1922 पासून गोदाघाटावर उघड्या पटांगणात व्याख्यानं होतात. पदवी असो वा नसो, संध्याकाळी हातपाय धुऊन इतिहास ऐकायला जायचं, ही सवय अशी लागली. तालुक्याच्या गावांनी तीच उचलली.

[भिंतीवरच्या संगमरवरी पाट्या. कॅमेरा एकेका पाटीवरून सरकतो.]

श्रोत्याला फुकट आहे म्हणून खर्च नाही, असं थोडंच आहे? वक्त्याचं मानधन आहे, एसटीचं भाडं आहे, मुक्काम पडला तर जेवणखाण आहे. हे पैसे या पाट्यांमधून येतात. 'स्मृतिप्रीत्यर्थ' असं लिहिलेली प्रत्येक पाटी म्हणजे बँकेतली एक मुदत ठेव. कुणी आईच्या नावाने ठेवली, कुणी आपल्या शिक्षकांच्या. मुद्दल मोडायचं नाही, व्याजातून दरवर्षी एक पुष्प गुंफायचं. नव्वदच्या दशकात बँका दहा-बारा टक्के व्याज देत होत्या तोवर हे गणित छान जमायचं. आता सहा-सात टक्क्यांवर मानधन जेमतेम निघतं, आणि नारळ कार्यवाह स्वतःच्या खिशातून आणतात.

सरकारकडून अनुदान येतं, ते वाचनालयाच्या वर्गावर ठरतं : अ, ब, क की ड. कर्नाटक आणि तमिळनाडूच्या कायद्यांत ग्रंथालयांसाठी उपकर आहे. महाराष्ट्राच्या 1967 च्या कायद्यात तो घातलाच नाही. त्यामुळे आपल्याकडची वाचनालयं अनुदान, वर्गणी आणि देणगी या तिन्हींवर तोल सांभाळत चालतात. व्याख्यानाचा नंबर अर्थातच पगार आणि पुस्तकांच्या नंतर.

[साडेसहा. हॉल भरलेला. दिवे मंद होतात, पडद्यावर एक पिवळा कागद.]

प्रास्ताविक दोन मिनिटांत आटोपलं. परिचय लांबला, तो आम्ही कापलाय.

वक्ते पुराभिलेखागारातून निवृत्त झालेले. त्यांनी थेट कागदच पडद्यावर लावला. वरून सलग एक आडवी रेघ, आणि तिला लटकलेली अक्षरं. मोडी लिहिताना ही रेघ आधी ओढून घ्यायची आणि मग बोरू शक्यतो न उचलता लिहीत जायचं. दोन शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत. ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही मोडी पाळत नाही, असं सरांनी सांगितलं, तेव्हा सतरंजीवरून टाळ्या पडल्या. शुद्धलेखनात मार्क गेलेली मंडळी सगळ्या वयांची असतात.

[पडद्यावर कागदाचा कोपरा, मोठा करून.]

मग तारीख. कागदावर आकडा नाहीच, शब्द आहेत : खमस सबैन मया व अलफ. सरांनी फळ्यावर एकाखाली एक मांडलं. खमस म्हणजे पाच. सबैन, सत्तर. मया, शंभर. अलफ, हजार. बेरीज करा.

मागच्या खुर्च्यांवरून एका आजींचा आवाज आला, 'अकराशे पंच्याहत्तर.'

हा शुहूर सन. मोजदाद अरबी, पण वर्ष बदलायचं मृग नक्षत्र लागल्यावर. पेरणीचं वर्ष तेच सारावसुलीचं वर्ष. म्हणून इसवी सन काढताना मृगापासून डिसेंबरपर्यंतच्या कागदाला 599 मिळवायचे आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत 600. म्हणजे हा कागद 1774-75 चा. नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतरची ती धामधूम, इंग्रजांशी पहिलं युद्ध तोंडावर आलेलं. आणि कागदात काय आहे? दोन भावांत विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या ठरवून दिल्यात.

हॉल हसला. सर हसले नाहीत. त्यांनी पुढची ओळ लावली आणि पाळ्या वाचून दाखवल्या.

[प्रश्नोत्तरं. वक्त्याच्या टेबलाभोवती माणसं.]

आभारप्रदर्शन संपायच्या आत टेबलाभोवती गर्दी झाली. पिशव्यांमधून कागद निघाले. कुणी प्लास्टिकच्या फाइलमधून आणलेला, कुणी देव्हाऱ्यात ठेवलेला, तर एकाने लॅमिनेट करून घेतलेला. तो बघून सरांच्या कपाळाला आठी पडली. जुन्या कागदाला लॅमिनेशन कधीच करू नका, हे त्यांनी माइक परत चालू करायला लावून सगळ्यांना सांगितलं. एका ताईंच्या कागदात जमीन निघेल अशी आशा होती, निघाला वाण्याचा उधारीचा हिशेब. त्यात गूळ होता, तेल होतं आणि न फिटलेले अडीच रुपये. त्यांनी फोटो काढून घरच्या ग्रुपवर टाकला.

व्याख्यानांनंतर त्या त्या विषयाच्या कपाटापाशी काही दिवस गर्दी राहते, असं देवघेवीच्या ताई सांगतात. मोडी शिकायचे वर्ग सुरू करा, असे अर्जही आलेत. जातीच्या दाखल्यांसाठी जुन्या नोंदी शोधायला लागल्यापासून मोडी वाचणाऱ्यांना मागणी आहेच.

[कार्यकारिणीची बैठक. उघडलेलं इतिवृत्त.]

माला संपल्यावरची ही बैठक. जमाखर्च वाचून झाला आणि तूट निघाली. पुढच्या वर्षी वीस रुपयांचं तिकीट लावावं, अशी सूचना एका सदस्यांनी मांडली. वीस रुपये आजकाल कुणाला जड नाहीत, असं त्यांचं म्हणणं. मुद्दा अगदीच चुकीचा नव्हता. ग्रंथपाल मॅडमनी एवढंच विचारलं, की दारात तिकीट फाडायला कोण बसणार, आणि ज्याच्याकडे वीस रुपये नसतील त्याला परत पाठवायचं काम कोण करणार?

सूचनेला अनुमोदक मिळाला नाही. इतिवृत्तात तशी नोंद आहे. त्याखालचा विषय क्रमांक पाच : नवीन सतरंज्या खरेदी करणे. तो एकमताने मंजूर.