ऑक्सिजन तोलायचा कुणाशी?

मंडळी, वजन वाढलेल्या प्रौढ माणसाला दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन दिला तर त्याचं शरीर इन्सुलिनला जास्त दाद देऊ लागतं का, हा आजचा विषय. तुमच्यापैकी बहुतेक जण या क्षेत्रातलेच आहेत, त्यामुळे इन्सुलिन रेझिस्टन्सची, म्हणजे शरीर इन्सुलिनला पुरेशी दाद देत नाही त्या अवस्थेची, ओळख करून देत नाही. पण आधी एका पोलादी गोळ्याबद्दल बोलू द्या. माझ्या मते या विषयातली सगळी अडचण त्या गोळ्यातच आहे.

साल 1928, अमेरिकेतलं क्लीव्हलंड. तिथं सुमारे 64 फूट व्यासाचा, कित्येक मजली, पोलादाचा एक प्रचंड गोळा उभा राहिला. आत खोल्या, खाटा, जहाजाला असतात तशा गोल खिडक्या. कल्पना ऑर्व्हल कनिंगहॅम नावाच्या भूलतज्ज्ञाची, पैसा बेअरिंगच्या धंद्यात श्रीमंत झालेल्या हेन्री टिमकेन यांचा. दहा लाख डॉलर, त्या काळचे! रुग्णांनी या गोळ्यात राहायचं आणि दाबलेली हवा श्वासात घ्यायची. कुठल्या आजारांसाठी? कर्करोग, सिफिलिस आणि हो, मधुमेह. ऑक्सिजनशिवाय वाढणारे जंतू या रोगांच्या मुळाशी असतात आणि दाबाखाली ते मरतात, असं कनिंगहॅम मानत.

आता तारखा शेजारी ठेवून बघा. टोरांटोत माणसाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचलं गेलं जानेवारी 1922 मध्ये. म्हणजे गोळा उभा राहिला तेव्हा मधुमेहावरचं खरं औषध सहा वर्षं जुनं झालं होतं. तरी लोक गोळ्यात गेले. मला त्यांचा राग येत नाही. आजारी माणूस दार उघडं दिसलं की आत जातो. राग येतो तो दुसऱ्याच गोष्टीचा. अमेरिकन मेडिकल असोसिएशननं कनिंगहॅमकडे पुन्हा पुन्हा पुरावा मागितला आणि तो कधीच आला नाही. किती रुग्ण आले, किती सुधारले, गोळ्यात न गेलेल्या तशाच रुग्णांचं काय झालं? काही नाही. कामाची एक ओळही हाती लागली नाही. पुढे गोळा बंद पडला आणि 1942 साली युद्धासाठी मोडून भंगारात गेला.

गोळ्यात राहायला कुणाला आवडलं असतं, जरा हात वर करा बघू. बरेच आहेत! मलाही आतून पाहायला आवडलं असतं. पण एक हिशेब करू. ती हवा होती, ऑक्सिजन नव्हे. हवेत ऑक्सिजन 21 टक्के. दाब तिप्पट केला तर फुप्फुसाला तो साध्या दाबावरच्या 63 टक्क्यांसारखा लागतो. म्हणजे गोळ्यातल्या माणसाला ऑक्सिजन खरोखरच भरपूर मिळत असणार. हा 63 लक्षात ठेवा, मी त्याकडे परत येणार आहे.

(संयोजक घड्याळ दाखवताहेत. दिसलं, दिसलं.)

खरा पाया नंतर घातला गेला. 1960 साली अ‍ॅम्स्टरडॅममध्ये सर्जन बोएरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सगळ्या तांबड्या पेशी काढून घेतल्या आणि दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ती जगवून दाखवली. एरवी 100 मिलिलिटर रक्तद्रवात ऑक्सिजन विरघळतो जेमतेम 0.3 मिलिलिटर, तीन वातावरण दाबावर, म्हणजे साध्या हवेच्या तिप्पट दाबावर, शुद्ध ऑक्सिजन घेतला की तो 6 च्या आसपास जातो. विश्रांतीतल्या ऊतींना एवढा पुरतो.

मग इन्सुलिनशी संबंध काय? चेंबरमधून, म्हणजे दाबाखाली ऑक्सिजन देतात त्या बंद खोलीतून, बाहेर आलेल्या मधुमेही रुग्णाची साखर उतरलेली असते, हे तिथल्या परिचारिकांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. म्हणूनच आत पाठवण्याआधी बोट टोचून साखर बघतात. पण साखर उतरणं वेगळं आणि इन्सुलिनचं काम सुधारणं वेगळं. हे दुसरं मोजायला क्लॅम्प नावाची चाचणी लावावी लागते: एका हाताला इन्सुलिन ठरावीक वेगानं, दुसऱ्या हाताला ग्लुकोज असं सोडायचं की रक्तातली साखर हलू नये. जितकं ग्लुकोज जास्त लागेल, तितकं शरीर इन्सुलिनला दाद देणारं. अ‍ॅडलेडच्या संशोधक-गटानं 2012 साली ही मोजणी करून सुधारणा दाखवली, 2015 मध्ये वजन वाढलेल्या पुरुषांतही. 2023 मध्ये जर्मनीतल्या गटानं टाइप 2 मधुमेह असलेल्या मोजक्या पुरुषांत स्नायूंतल्या मायटोकॉन्ड्रियापर्यंत, म्हणजे पेशीतल्या ऊर्जा बनवणाऱ्या केंद्रांपर्यंत, बदल टिपले. हे काम मेहनतीचं आहे आणि मला त्याचं मनापासून कौतुक आहे.

आता जे सांगायचं ठरवलं होतं ते भरभर सांगतो, वेळ उरलेला नाही.

पहिली गोष्ट कारणाची. फुगलेल्या चरबीच्या पेशींना ऑक्सिजन पोचत नाही, त्यातून दाह होतो, त्यातून रेझिस्टन्स येतो, असं सरसकट सांगितलं जातं. उंदरांत ते बरंचसं दिसतं. पण 2011 साली माणसांत थेट मोजलं तेव्हा लठ्ठ पुरुषांच्या चरबीत ऑक्सिजनचा दाब सडपातळांपेक्षा जास्त निघाला! रक्तपुरवठा कमी, पण पेशी ऑक्सिजन वापरतच कमी. मग ‘उपाशी चरबीला ऑक्सिजन पाजला’ हे स्पष्टीकरण टिकत नाही. ऑक्सिजनच्या झटक्यानं स्नायू काही काळ जागे होत असतील, ही शक्यता मला जास्त पटते.

दुसरी गोष्ट, जिच्यासाठी मी उभा आहे: तुलना. चेंबरच्या चाचणीत तुलनागटाला त्याच दाबाखाली साधी हवा दिली की सगळं नीट झालं असं आपण मानतो. आता तो 63 आठवा. 2.4 वातावरणावरची साधी हवा म्हणजे साध्या दाबावरचा 50 टक्के ऑक्सिजन. तो प्लॅसिबो, म्हणजे नुसता नावापुरता उपचार, नाही; खऱ्या डोसाचा जवळजवळ पाचवा हिस्सा आहे. दाब न देता तुलना करावी, तर कान दडपत नाहीत आणि माणसाला लगेच कळतं आपण कुठल्या गटात आहोत.

आणि व्यायाम? एकदा नेटानं घाम गाळला की स्नायूंची इन्सुलिनला दाद एक-दोन दिवस वाढलेली राहते. चेंबरचा परिणाम याहून मोठा आहे की कमी, आठवड्यांनी उरतो की विरतो? माझ्याकडे येणाऱ्या वजनदार माणसांच्या हातात हल्ली चेंबरची चकचकीत पत्रकं असतात. त्यांत ‘इन्सुलिन सुधारते’ एवढंच छापलेलं असतं, हे दोन प्रश्न नसतात. कानाच्या पडद्याला इजा होऊ शकते, क्वचित फिट येऊ शकते, हेही नसतं. मधुमेही पायाच्या खोल जखमेसाठी चेंबर मान्य उपचार आहे, तिथं मी स्वतः रुग्ण पाठवतो. वजनासाठी नाही पाठवत.

मला हवी ती चाचणी अशी: एक गट दाबाखाली ऑक्सिजनवर, एक दाबाखाली अशा हवामिश्रणावर ज्यात ऑक्सिजनचं प्रमाण मुद्दाम घटवलेलं असेल, म्हणजे तो साध्या हवेइतकाच पोचेल, एक साध्या दाबावर मास्कनं ऑक्सिजन घेणारा आणि एक रोज झपाझप चालणारा. सगळ्यांचा क्लॅम्प आधी, लगेच नंतर, आणि शेवटच्या सत्रानंतर दीड महिन्यानं पुन्हा. घटवलेल्या ऑक्सिजनचं मिश्रण सुरक्षितपणे कसं द्यायचं, यावर इथल्या पाणबुड्यांच्या (खोल पाण्यात उतरणाऱ्यांच्या) वैद्यकातल्या मंडळींकडून ऐकायचंय. बोला.